नोंदणी एकाकडे, मालकी दुसऱ्याकडे : मास्केरानो प्रकरण, २००६ ते २००८

अर्जेंटिनाचा बचावात्मक मिडफिल्डर हावियेर मास्केरानो चार विश्वचषक खेळला, देशासाठी १४७ सामन्यांत उतरला, ऑलिंपिकची दोन सुवर्णपदके जिंकला. याच कारकिर्दीत एक हंगाम असा आला की, अंगात दुखापत नसताना आणि वय जेमतेम बावीस असताना पहिल्या पाच महिन्यांत त्याच्या वाट्याला लीगचे फक्त पाच सामने आले. त्यापुढचे पाच महिनेही वाया जायची वेळ आली होती. असे का झाले आणि गाठ कशी सुटली, याची ही मांडणी आहे. कागद रंगवणारे दलाल, गुंतवणूकदार आणि क्लबचे अधिकारी यांची नावे गाळली आहेत. त्या जागी कोणीही असते तरी प्रश्न तेच उभे राहिले असते.

पार्श्वभूमी

मास्केरानोचा जन्म १९८४ चा, सांता फे प्रांतातल्या सान लोरेन्सो गावचा. रोसारियो परिसरातल्या रेनातो सेसारिनी या क्लबात तो घडला आणि तिथून ब्यूनोस आयर्सच्या रिव्हर प्लेटमध्ये आला. जुलै २००३ मध्ये राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी त्याला उरुग्वेविरुद्ध अर्जेंटिनाच्या मुख्य संघात उतरवले. तोवर रिव्हरच्या मुख्य संघाकडून त्याचा एकही सामना झालेला नव्हता. पुढच्याच वर्षी अथेन्समध्ये पहिले सुवर्ण आले.

त्याची जागा म्हणजे अर्जेंटिनात ज्याला नुसते 'सिंको', म्हणजे 'पाच नंबर' म्हणतात ती. दोन सेंटर-बॅकच्या, म्हणजे मधल्या बचावपटूंच्या पुढे उभे राहायचे, प्रतिस्पर्ध्याचा चेंडू तोडायचा, तो दहा पावलांवरच्या आपल्या माणसाला द्यायचा आणि जागा सोडायची नाही. गोल करणे हे त्याचे काम नव्हतेच. हा तपशील पुढे कामाला येतो.

२००५ च्या मध्यावर तो ब्राझीलच्या कोरिंथियन्समध्ये गेला. एका परदेशी गुंतवणूक कंपनीने क्लबशी भागीदारी करून खेळाडूंवर पैसा लावायला सुरुवात केली होती. अर्जेंटिनाचाच आघाडीवीर कार्लोस तेवेज त्याआधी काही महिने याच वाटेने तिथे पोहोचला होता. त्या वर्षी कोरिंथियन्स ब्राझीलचे विजेते ठरले, पण मास्केरानोच्या डाव्या पायाच्या हाडाला ताणाने चीर गेली आणि सप्टेंबरपासून सुमारे सहा महिने तो मैदानाबाहेर राहिला. २००६ च्या वसंतात तो परतला, जर्मनीतल्या विश्वचषकात अर्जेंटिनाच्या पाचही सामन्यांत सुरुवातीपासून खेळला, पुन्हा साओ पाउलोला जाऊन कोरिंथियन्ससाठी उतरला आणि ३१ ऑगस्टला, विंडो, म्हणजे खेळाडूंच्या बदल्यांची मुदत, बंद होण्याच्या दिवशी, तेवेजसह लंडनच्या वेस्ट हॅममध्ये दाखल झाला. इंग्लंडचा हंगाम तोवर सुरू झाला होता. हंगामपूर्व सराव त्याला मिळालाच नाही.

करारात काय होते

फुटबॉलपटूचे हक्क त्या काळी दोन भागांत मोडले जात. पहिला नोंदणीचा हक्क. तो क्लबकडेच असतो आणि त्याच्याशिवाय खेळाडू अधिकृत सामना खेळू शकत नाही. दुसरा आर्थिक हक्क, म्हणजे खेळाडू विकला गेला तर येणाऱ्या रकमेतला वाटा. दक्षिण अमेरिकेत हा दुसरा हक्क बाहेरच्या कंपन्यांना विकण्याची रीत जुनी होती. पैशांची चणचण असलेल्या क्लबला आज रोकड मिळते, गुंतवणूकदार उद्याच्या विक्रीवर डाव लावतो.

मास्केरानो वेस्ट हॅमला आला तेव्हा त्याचे आर्थिक हक्क दोन कंपन्यांच्या नावावर होते. तेवेजचेही तसेच, फक्त कंपन्या वेगळ्या. वेस्ट हॅमने एवढ्या मोठ्या दोन खेळाडूंसाठी हस्तांतराची रक्कम मोजली नाही, याचे कारण हेच. त्या बदल्यात एका खासगी करारात या कंपन्यांना अधिकार दिला गेला की, पुढच्या विंडोत ठरलेली रक्कम क्लबला देऊन त्या खेळाडूला परत काढून घेऊ शकतील. खेळाडू कधी जाणार हे क्लब ठरवणार नव्हता.

प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीच्या, त्या वेळच्या नियमावलीत बाहेरच्यांच्या आर्थिक हक्कांवर सरसकट बंदी नव्हती, हे नीट समजून घ्यायला हवे. बंदी होती ती प्रभावावर. क्लबच्या धोरणावर किंवा संघाच्या कामगिरीवर तिसऱ्या पक्षाला ठोस पकड मिळेल असा करार यू-१८ या नियमाने क्लबला मना होता. बी-१३ हा नियम लीगशी पूर्ण सचोटीने वागायला सांगत होता. खेळाडू काढून घेण्याचे कलम पहिल्या नियमात अडकत होते. ते लीगला न दाखवल्यामुळे दुसराही मोडला.

मैदानावर काय झाले

मास्केरानो वेस्ट हॅमकडून लीगमध्ये पाच आणि यूएफा कप या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत दोन सामने खेळला. यूएफा कपमध्ये इटलीच्या पालेर्मोने दोन्ही सामने जिंकून वेस्ट हॅमला बाहेर काढले. लीगमध्येही संघाची घसरण सुरू झाली. प्रशिक्षक ॲलन पार्ड्यू मध्यभागी हेडन मलिन्ससारख्या ओळखीच्या खेळाडूंकडे वळले आणि मास्केरानो आधी बाकावर, मग संघाबाहेर गेला. डिसेंबरमध्ये पार्ड्यूंना काढून ॲलन कर्बिशली आले, तरी त्याच्यासाठी फारसे बदलले नाही.

याचा सगळा दोष प्रशिक्षकावर टाकणे पटत नाही. इंग्लिश ४-४-२ मध्ये, म्हणजे चार बचावपटू, चार मिडफिल्डर आणि दोन आघाडीवीर अशा रचनेत, मधल्या दोघांनी एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत धावणे अपेक्षित असते. एक पुढे गेला की दुसरा मागे राहतो, आणि ही अदलाबदल नव्वद मिनिटे चालते. 'पाच नंबर' अशा रचनेत ठेवला तर दोनच गोष्टी होतात. तो आपली जागा धरून राहतो आणि सहकारी एकटा पडतो, किंवा तो पुढे धावतो आणि ज्यासाठी त्याला आणले ते कामच होत नाही. मास्केरानोला बसवायचा तर त्याच्या पुढे तिसरा मिडफिल्डर हवा, म्हणजे एक आघाडीवीर कमी करायला हवा. शेवटच्या दिवशी आयत्या मिळालेल्या खेळाडूसाठी घसरणीला लागलेला प्रशिक्षक अख्खी रचना मोडणार नाही, हे ओघाने आलेच. नेमके विचारायचे ते इथे: ३१ ऑगस्टला होकार देताना या खेळाडूला कुठे उभे करायचे, हे कोणी प्रशिक्षकाला विचारले होते का? खेळाडू संघाची गरज म्हणून आला नव्हता, उपलब्ध झाला म्हणून आला होता. नोव्हेंबरमध्ये क्लबची मालकीही बदलली. त्याला आणणारे आणि सांभाळणारे वेगळे झाले.

अडचण नेमकी कोणती

डिसेंबर २००६ मध्ये बाहेर पडणे हा उघड उपाय दिसत होता. पण वाटेत दोन कुलुपे होती, आणि एकाची किल्ली दुसऱ्याला लागत नव्हती.

पहिले कुलूप फिफाच्या खेळाडू-नोंदणी नियमांतल्या कलम ५ चे. तेव्हा १ जुलै ते पुढच्या ३० जूनपर्यंत खेळाडूची नोंदणी जास्तीत जास्त तीन क्लबांकडे होऊ शकत होती, पण अधिकृत सामने तो फक्त दोनच क्लबांकडून खेळू शकत होता. विश्वचषकानंतर मास्केरानो कोरिंथियन्सकडून खेळला होता, मग वेस्ट हॅमकडून. दोन क्लब भरले. तिसऱ्या क्लबकडे त्याची नोंद होऊ शकत होती, तो तिथे सराव करू शकत होता, पण १ जुलै २००७ पर्यंत त्याला सामना खेळता येणार नव्हता.

इथे कॅलेंडरचा गुंता आहे. ब्राझीलचा हंगाम एकाच वर्षात सुरू होऊन संपतो, युरोपचा ऑगस्टपासून मे महिन्यापर्यंत चालतो. फिफाचे बारा महिने युरोपच्या मापाने कापलेले. जुलै-ऑगस्टचे कोरिंथियन्सचे सामने ब्राझीलच्या हिशेबात चालू हंगामाचा मधला भाग होते. फिफाच्या वहीत मात्र ते नव्या हंगामाचे पहिले पान ठरले.

दुसरे कुलूप मालकीचे. नव्या क्लबला वेस्ट हॅमशी बोलून भागणार नव्हते. नोंदणी वेस्ट हॅमकडून सुटायला हवी होती, आणि खेळाडूची 'किंमत' मात्र कंपन्यांच्या हातात होती. नवा क्लब प्रीमियर लीगमधलाच असेल, तर लीग या कंपन्यांशी झालेला नवा करार वाचणार, आणि तो वाचताना जुना कसा होता हेही विचारणार.

समोरचे पर्याय

वेस्ट हॅममध्येच राहून जागा मिळवणे हा पहिला. यात कुठल्याही परवानगीची गरज नव्हती. पण संघ तळाच्या, खालच्या श्रेणीत ढकलणाऱ्या तीन जागांभोवती घुटमळत होता, आणि जून २००७ मध्ये व्हेनेझुएलात कोपा अमेरिका होती. सामन्यांशिवाय अर्धा हंगाम गेला असता, तर राष्ट्रीय संघातली जागाही डळमळली असती.

दुसरा पर्याय इटली किंवा स्पेनमधला क्लब. प्रीमियर लीगच्या चौकशीचा प्रश्न त्याने टळला असता. तिसरा, दक्षिण अमेरिकेत परत जाणे. चौथा, इंग्लंडमधलाच दुसरा क्लब.

वरवर हे तीन वेगळे रस्ते वाटतात, पण कलम ५ तिन्ही ठिकाणी तेवढेच आडवे येत होते. देश बदलल्याने दोन क्लबांची मर्यादा बदलत नाही. देशांतर्गत बदलीलाही ती लागू असते, त्यामुळे लंडनहून लिव्हरपूलला जाण्यासाठीही झुरिकची, म्हणजे फिफाच्या मुख्यालयाची, परवानगी लागणार होती. निवड कोणत्या देशाची करायची हा प्रश्न उरलाच नव्हता. परवानगीसाठी फिफाकडे अर्ज करण्याची आणि अर्ज फेटाळला गेला तर सहा महिने न खेळणाऱ्या खेळाडूचा पगार भरण्याची तयारी कोणाची, एवढेच पाहायचे होते. ती तयारी लिव्हरपूलने दाखवली.

लिव्हरपूलचे प्रशिक्षक राफाएल बेनीतेझ यांच्याकडे गरजही नेमकी होती. स्टीव्हन जेरार्डला पुढे मोकळे सोडायचे तर मागे जागा धरणारा माणूस हवा. झाबी अलोन्सो आणि पेपे रेइना यांच्यामुळे ड्रेसिंग रूममध्ये स्पॅनिश बोलणारे सोबतीही होते. वेस्ट हॅममध्ये राहिलेला प्रश्न इथे आधी विचारला गेला होता: हा खेळाडू उभा कुठे राहणार?

काय केले आणि कोणत्या क्रमाने

लिव्हरपूलने सही घेऊन मग परवानगी मागितली नाही. जानेवारीच्या मध्यालाच फिफाकडे विनंती गेली. ब्राझील आणि युरोपचे हंगाम एकमेकांवर चढतात, त्यामुळे या खेळाडूने नियमाचा हेतू मोडलेला नाही, हे मांडता येण्याजोगे होते. एकाच हंगामात खेळाडू क्लबामागून क्लब बदलत स्पर्धेचा तोल बिघडवू नयेत, हा तो हेतू. मास्केरानो दोन वेगळ्या खंडांतल्या, दोन वेगळ्या लीगमध्ये खेळला होता. फिफाने अपवाद मान्य केला.

करार लोनचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी खेळाडू उसना घेण्याचा, झाला. विकत घेण्याआधी कंपन्यांशी मालकीचा सौदा मिटवावा लागला असता, आणि जानेवारीच्या उरलेल्या दिवसांत ते शक्य नव्हते. लोनमुळे खेळाडू लगेच मिळाला आणि मालकीचा प्रश्न सावकाश सोडवता येणार होता. कंपन्यांसोबतचे कागद लिव्हरपूलने प्रीमियर लीगपुढे ठेवले. खेळाडू मधेच ओढून नेण्याचा किंवा संघनिवडीत बोट घालण्याचा अधिकार बाहेरच्या कोणाला राहत नाही, याची लीगने खात्री करून घेतली. त्याला वेळ लागला. विंडो ३१ जानेवारीला बंद झाली, कागद त्याआधी दाखल होते, आणि लीगची मंजुरी आली २० फेब्रुवारीला. मधले जवळपास तीन आठवडे मास्केरानो सराव करत होता, पण सामना खेळू शकत नव्हता.

चार दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, ॲनफिल्डवर शेफील्ड युनायटेडविरुद्ध तो उतरला. लिव्हरपूल ४-० ने जिंकले.

निष्पत्ती

खेळाडूपुरते पाहिले तर निकाल स्वच्छ लागला. २३ मे २००७ ला अथेन्समध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मास्केरानो एसी मिलानच्या काकाची वाट अडवत होता. फेब्रुवारीत संघाबाहेर बसलेला माणूस मे महिन्यात युरोपच्या सर्वांत मोठ्या सामन्यात सुरुवातीपासून खेळला. ७८ व्या मिनिटाला, ०-१ ने मागे असताना, गोलच्या शोधात बेनीतेझ यांनी त्याला काढून पीटर क्राउचला आणले. चारच मिनिटांनी मिलानच्या इन्झागीने दुसरा गोल केला. त्या बदलामुळेच तो झाला असे ठामपणे म्हणता येत नाही, पण मास्केरानो धरून ठेवत होता ती जागा तेव्हा रिकामी होती, हे खरे. सामना मिलानने २-१ ने जिंकला.

२९ फेब्रुवारी २००८ ला लिव्हरपूलने १.७ कोटी पौंडांहून अधिक किंमत मोजून त्याला कायमचा घेतला, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. नोंदणी आणि मालकी एका हातात आली. ऑगस्ट २०१० मध्ये तो बार्सिलोनाला गेला, तेव्हा बोलणी दोन क्लबांत झाली.

वेस्ट हॅमच्या वाट्याला आलेले फार जड होते. मास्केरानोच्या लोनचे कागद तपासले जात असताना जानेवारीतच जुन्या खासगी करारांचा विषय लीगपुढे आला. २७ एप्रिल २००७ ला स्वतंत्र आयोगाने क्लबला ५५ लाख पौंडांचा दंड केला. इंग्लिश फुटबॉलमध्ये तोवर इतका मोठा दंड कोणाला झाला नव्हता. गुण मात्र कापले नाहीत. क्लबने दोष कबूल केला होता, मालक बदलले होते, खेळाडूंची आणि प्रेक्षकांची चूक नव्हती, आणि एप्रिलअखेर गुण कापणे म्हणजे संघाला थेट खाली ढकलणे ठरले असते, अशी कारणे आयोगाने दिली. तेवेज खेळत राहिला. १३ मे ला, शेवटच्या दिवशी, त्याच्या गोलवर वेस्ट हॅमने ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला हरवले आणि लीगमधले स्थान राखले. त्याच दुपारी शेफील्ड युनायटेड घरच्या मैदानावर विगनकडून १-२ ने हरले. दोघांचेही ३८ गुण, गोलफरक विगनचा एकाने सरस, आणि शेफील्ड खालच्या श्रेणीत गेले. त्यांनी दाद मागितली, २००८ मध्ये लवादाने त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि २००९ मध्ये वेस्ट हॅमने भरपाई देण्याचे मान्य करून तडजोड केली. शेफील्डचे समर्थक आजही या विषयावर चिडतात, आणि त्यांचा राग समजण्याजोगा आहे: ज्या कराराशी त्यांचा काही संबंध नव्हता, त्याची किंमत त्यांनी मोजली.

कुठे वेगळे करता आले असते

सर्वांत स्वस्त संधी जुलै २००६ मध्ये होती. विश्वचषक संपताच मास्केरानोला युरोपात हलवायचे ठरले असते आणि १ जुलैनंतर तो कोरिंथियन्सकडून उतरला नसता, तर वेस्ट हॅम हा त्या बारा महिन्यांतला त्याचा पहिला क्लब ठरला असता. जानेवारीत दुसऱ्या क्लबची जागा मोकळी असती आणि झुरिकला कोणी अर्ज करावा लागला नसता. कोरिंथियन्सशी करार असताना खेळायला नकार देणे अर्थात सोपे नव्हते. पण आर्थिक हक्क सांभाळणाऱ्यांचे कामच हे होते. ब्राझील किंवा अर्जेंटिनातून ऑगस्टमध्ये युरोपला खेळाडू पाठवताना तेव्हा पहिला हिशेब हाच करायला हवा होता: १ जुलैनंतर किती क्लबांकडून मैदानात उतरला? बाकावर बसला असेल तर तो मोजला जात नाही. एक मिनिट खेळला असेल तर मोजला जातो.

दुसरी संधी ३१ ऑगस्टची, आणि आमच्या मते सर्वांत मोठी चूक इथेच झाली. लिव्हरपूलने पाच महिन्यांनी जे केले, तेच वेस्ट हॅमला करता आले असते. कंपन्यांचा करार लीगसमोर ठेवायचा, खेळाडू काढून घेण्याचे कलम वगळायचे किंवा क्लबच्या संमतीला बांधायचे. नियम तेच, खेळाडू तोच, कंपन्याही त्याच, आणि लीगने एकदा मंजुरी दिल्यामुळे असा करार मान्य होऊ शकतो हे सिद्ध झाले. वेळ नव्हता ही सबब खरी असेलही. पण करार वाचायला लागणारा वेळ विंडोच्या शेवटच्या संध्याकाळी नसतो हे सगळ्यांनाच ठाऊक असते, म्हणून असा खेळाडू त्या दिवशी घ्यायचाच नाही. कंपन्यांनी कलम सोडायला नकार दिला असता, तर सौदा मोडला असता. ५५ लाख पौंड आणि त्यामागोमाग आलेला दावा यांपुढे मोडलेला सौदा परवडला असता.

खेळाडूच्या बाजूनेही एक गोष्ट राहिली. आपल्या हक्कांचे तुकडे कोणाकडे आहेत, कोणत्या तारखेला कोण आपल्याला उचलू शकतो, हे बावीस वर्षांच्या खेळाडूला त्याच्या भाषेत लिहून कोणी दिले पाहिजे? दलाल देणार नाही, त्याचे हित गुंतवणूकदाराशी जोडलेले असते. स्वतःच्या खर्चाने ठेवलेला स्वतंत्र वकील, आणि त्याने काढलेले दोन पानी स्पॅनिश टिपण, एवढ्यावर हे काम भागते. तरुण खेळाडूंच्या बाबतीत तेवढेही सहसा होत नाही.

नियमही बदलत गेले. क्लबवर बाहेरच्यांचा प्रभाव मना करणारे कलम फिफाने २००८ पासून जगभर लागू केले. प्रीमियर लीगने त्याच वर्षी आर्थिक हक्कांची बाहेरची मालकी पूर्ण थांबवली, आणि १ मे २०१५ पासून फिफाने तिच्यावर सगळीकडे बंदी घातली. कलम ५ मध्ये अपवाद आला: एकमेकांवर चढणाऱ्या हंगामांच्या देशांत बदली झालेल्या खेळाडूला तिसऱ्या क्लबकडूनही खेळता येते, मात्र आधीच्या क्लबांशी केलेले करार त्याने पाळलेले असले पाहिजेत. २००७ च्या जानेवारीत जे मागून मिळवावे लागले, ते आता नियमातच लिहिलेले आहे. त्यासाठी कोणत्या क्लबचा करार कधी आणि कसा संपला याचे कागद मात्र पहिल्या दिवसापासून हाताशी ठेवावे लागतात.